एकोणीस सत्ते एकशे तेवीस

माझ्या मेलेल्या भावाची गोष्ट माझ्याच पोरीनं मला सांगितली, आणि सांगताना ती रडली. मी रडले नाही. माझ्यासमोर पीठ भरलेली परात होती. त्या पिठावर मी असा काही राग काढला की आम्रपाली म्हणाली, "मम्मी, भाकरी करून राहिलीस का कुणाला बुकलून राहिलीस?"

आम्रपाली माझी एकुलती एक. दहावीला त्र्याण्णव टक्के पडले आणि बाई हटून बसल्या, लातूरलाच जाणार. नांदेडात क्लास काय कमी आहेत? दगड मारला तर क्लासवाल्याला लागेल. पण लातूर ते लातूर. दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये तिला शिखर अकॅडमीत घातलं, होस्टेलवर ठेवलं. ऑगस्टमध्ये एका रविवारी घरी आली आणि ओट्याला टेकून सांगायला लागली.

"मम्मी, आमच्या शिवमूर्ती सरांची स्टोरी ऐकलीस ना, तर तू पण रडशील. सर भूकंपातले आहेत."

"कुठल्या गावचे?" मी विचारलं. भूकंपातलं माणूस म्हटलं की मी आधी गाव विचारते.

"किल्लारीकडचे. सर तेव्हा सहा वर्षांचे होते. त्यांचा मोठा भाऊ स्कॉलरशिपला बसणार होता. घर पडलं आणि भाऊ दगडांखाली अडकला. आतून त्याचा आवाज येत होता. तो काय करत होता माहितीये? पाढा म्हणत होता. भीती वाटली की पाढे म्हणा असं गुरुजींनी शिकवलं होतं म्हणून. एकोणिसाचा पाढा. एकोणीस सत्तेला आला की एकशे तेवीस म्हणायचा, चुकायचा, आणि परत पहिल्यापासून सुरू करायचा. आणि त्यांचे वडील बाहेरून दगड काढता काढता..."

"बरोबर हाय लेका, बरोबर हाय. म्हण पुढं," मी म्हणाले.

आम्रपालीनं डोळे पुसले. "तू पण बघितलास व्हिडिओ?"

व्हिडिओ! मला वाटलं परात उचलून भिंतीवर मारावी.

"आमू, तो माणूस माझा अप्पा होता. तुझा आज्जा. आणि आत होता तो माझा दादा, आनंदराज. तुझा मामा."

मामा भूकंपात गेला एवढं तिला माहीत होतं. कसा गेला ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तोंडानं मला ते कधी जमलंच नाही. लिहिता आलं, म्हणून लिहिलं होतं. तेरा वर्षांपूर्वी. पण माझी पोरगी माझा ब्लॉग वाचत नाही. "ब्लॉग? मम्मी, ते कोण वाचतं आता?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

"सरांनी माझ्या ब्लॉगवरून उचललंय ते," मी म्हणाले.

"कशावरून?" ती म्हणाली. "भूकंपात इतकी माणसं गेली. दोघांचं सारखं नसेल झालं का?"

घरचीच पोर अशी बोलली. मी तव्यावरची भाकरी जाळली आणि तीच तिला वाढली.

आता मी काय लिहिलं होतं ते सांगते. पुन्हा सांगायची मला हौस नाही, पण दुसरा सांगतोय म्हटल्यावर गप्प कशी बसू?

आमचं गाव तेरणेच्या काठी. गावात मोठ्यांची घरं दगडमातीची, तीन-तीन हात जाड भिंती, वर मातीचं माळवद. आमचं छप्पर पाचटाचं, गावाच्या कडेला. भूकंपात पाचट अंगावर पडलं तर माणूस झटकून उठतो. आम्ही उठलो. ज्यांच्या घरांचा आम्हाला आयुष्यभर हेवा वाटला ती माणसं त्याच घरांखाली गेली. आणि आमच्यातला एकटा दादा त्या रात्री आमच्या छपरात नव्हता.

अप्पा आडतीवर हमाली करायचे. शाळेची पायरी चढले नव्हते, पण पोत्यांबरोबर कानानं पाढे उचलले होते, तिसापर्यंत. घरी पाहुणा आला की दादाला उभं करायचे. "म्हण रे एकोणिसाचा." अनंत चतुर्दशीला आत्याचे मालक आले होते. दादा धडाधडा म्हणत गेला आणि सत्तेला एकशे तेवीस म्हणाला. अप्पा म्हणाले, "तेहेतीस." दादा म्हणाला, "तेवीसच हाय, अप्पा." पाहुणा हसला. अप्पांनी पाहुण्यांदेखत दादाच्या कानाखाली वाजवली. "गणपती बघायला जायचं न्हाई. गुरुजींकडं जा आन् पाठ करून ये."

किशनराव गुरुजी चौथीच्या पोरांना शिष्यवृत्तीच्या अभ्यासाला रात्री घरी ठेवून घ्यायचे. त्यांच्या दारालगतच्या ढाळजेत पोरं कंदील लावून वाचायची, तिथंच झोपायची. त्या दिवशी सगळी पोरं मिरवणुकीला गेली होती. दादा गाल चोळत गुरुजींकडं गेला. पहाटे ढाळज पडली.

दुपारपर्यंत त्याचा आवाज येत होता. अप्पांच्या बोटांना नखं राहिली नव्हती. आतून पाढा यायचा, सत्तेला अडायचा, "एकशे तेवीस", आणि अप्पा ओरडायचे, "बरोबर हाय लेका, बरोबर हाय. म्हण पुढं." मग एका वेळी पुढं काही आलं नाही.

गेल्या तीस वर्षांत अप्पांचं हे एक वाक्य मी कुठंही, कधीही ओळखलं असतं. आता ते अकॅडमीच्या हॉलात सिनेमाच्या पडद्याएवढ्या स्क्रीनवर, मागं बासरी लावून, भाड्याच्या नटाच्या तोंडून येत होतं. आमूच्या फोनवर मी ते बघितलं. शेवटी काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आली: "त्याचा पाढा चुकला. तुमचा चुकू नये. शिखर अकॅडमी, लातूर."

तिथं माझं डोकं फिरलं. गोष्ट चोरली ती चोरली. वर माझ्या दादाला नापास केलं.

कारण दादा चुकला नव्हता. आणि हे मला कसं कळलं, तीच खरी गोष्ट आहे.

लग्नानंतर मी नांदेडला आले आणि कोर्टासमोर सलीमभाईंच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात लागले. अजून तिथंच आहे. दाखला मिळणेबाबत, नावात दुरुस्ती होणेबाबत, बदली रद्द करणेबाबत. अर्धं नांदेड माझ्या बोटांखालून गेलंय. दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात एका रिकाम्या दुपारी सलीमभाई चहा ढवळत म्हणाले, "दिनभर लोगां की अर्जियां मारती तू. कभी अपनी बी एक मार ना, बेटा."

"कुणाच्या नावानं मारू?"

"नाम मत डाल. जिसको मिलना, मिलेगी."

तेव्हा ब्लॉगचं फार होतं. मीही उघडला. नाव दिलं 'पत्र्याचं घर', कारण भूकंपानंतर आम्ही कितीतरी वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. तिसरीच पोस्ट दादाची. गावाचं नाव लिहिलं नाही, हिंमत झाली नाही. शेवटी लिहिलं की दादा अभ्यासात हुशार होता, एवढं एकच कसं चुकायचा कोण जाणे.

चार वर्षं त्या पोस्टखाली काही नव्हतं. चिटपाखरू नाही. मी आपली लिहीत होते. शेजारणीचं भांडण लिहिलं, आमूचे दात लिहिले, दोन हजार अकराला अप्पा गेले ते लिहिलं. शेवटपर्यंत अप्पा स्वतःचा उजवा हात बघायचे आणि म्हणायचे, "तेवीस-तेहेतीसच्या दहासाठी मास्तरकी केली आन् पोरगं घालवलं म्या." त्याच हातानं त्यांनी दादाला मारलं होतं.

मग दोन हजार चौदाच्या जानेवारीत त्या पोस्टखाली कुणी भीमाशंकर नावाच्या माणसानं भिवंडीहून लिहिलं. मला ते पाठ आहे.

"ताई, तुमचे बंधू चुकत नव्हते. चौथीच्या खोलीत खिडकीकडच्या भिंतीवर पेंटरनं पाढे रंगवले होते. एकोणीस सातच्या पुढं त्यानं १२३ काढलं होतं. गुरुजी खडूनं दुरुस्त करायचे पण आमच्या पाठी घासून पुसून जायचं. आम्ही समदे तेवीसच म्हणायचो. मी आजबी म्हणतो, बायको हसते. आनंद्या माझ्या म्होरं बसायचा. गावाचं नाव तुम्ही लिहिलं न्हाई पण एकोणीस सत्तेवरून वळखलं."

मी दुकानात ओरडले. एका वकिलाच्या हातातला चहा सांडला. सलीमभाईंना वाटलं शॉक बसला.

शाळाही पडली होती, भिंतही गेली होती. चौथीच्या खोलीत मी कधी बसलेच नव्हते, पहिलीत होते. पृथ्वीवर कुठंही ती भिंत उरली नव्हती. ती भिवंडीत एका पॉवरलूमवाल्याच्या डोक्यात उरली होती. त्याला माझा पत्ता माहीत नव्हता, मला त्याचा नव्हता. माझं एक पान तेवढं चार वर्षं दार उघडं ठेवून बसलं होतं.

त्याच संध्याकाळी मायला फोन करून सांगितलं. धुरपताबाई माझी माय, रडणारी बाई नव्हे. एवढंच म्हणाली, "आता तुझ्या बापाला कोन सांगल?"

त्यानंतर एकेक जण आला. देगलूरला दिलेली शिवम्मा: "म्या पन तेवीसच म्हनते." नीलाबाई नावाच्या आजीच्या नातवानं तिच्या वतीनं लिहिलं की पेंटर कासारशिरशीचा होता आणि अर्ध्यात दुसरं काम धरून गेला. मग ते एकमेकांनाच विचारायला लागले. तू कुठल्या आळीतला? तुमचं घर पारापलीकडं का? वर माझी पोस्ट दीड पानाची, खाली सतरा माणसांची वस्ती. आमचं गाव सरकारनं तीन कोसांवर नवं बसवलं, सरळ रस्ते, सारखी घरं. पण जुनं गाव जर कुठं असेल तर ते त्या पोस्टच्या खाली आहे.

लोक मला सांगतात, ब्लॉग मेला. मेला तर मेला. फेसबुकवर काही लिहा, संध्याकाळपर्यंत त्याच्यावर कुणाचं जावळ, कुणाचा केक, कुणाचा साहेब येऊन पडतो. उकरून काढायला पोकलेन लागेल. माझ्या पानावर वर तारीख, खाली मी. दहा वर्षांनी कुणी आलं तरी बसायला जागा आहे.

आणि शिवमूर्तीच्या माणसांनी वरची दीड पानं उचलली आणि पळाले. खाली वाचलंच नाही. ओसरीवरचं गाठोडं उचलणाऱ्या चोरानं आत सतरा माणसं बसलीत हे बघितलंच नाही.

मी सलीमभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "जा. पर खाली हात मत जा. कागज लेके जा."

मला दुसरं काय येतं? मी अर्ज टाईप केला. प्रति, मा. संचालक, शिखर अकॅडमी, लातूर. विषय: माझा भाऊ परत मिळणेबाबत. महोदय, वरील विषयी सादर करते की. 'सविनय' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा गाळला.

संचालक म्हणजे शिवमूर्ती सरच. त्यांची केबिन म्हणजे थंडगार फ्रीज. माणूस गोड. पाणी मागवलं, चहा मागवला. अर्ज वाचला, विषयावर आल्यावर गालात हसला आणि कागदावर काचेचा गणपती ठेवला.

"मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो."

"माझ्या भावना ऱ्हाऊ द्या. तुम्ही भूकंपात होता का, तेवढं सांगा."

"त्या वेळी आम्ही कंधारला होतो. वडिलांचं कापडाचं दुकान होतं तिथं. पण हादरा आम्हालाही बसला हो. फडताळातली भांडी पडली."

भांडी पडली!

"मग माझा दादा तुमचा भाऊ कसा झाला?"

"बघा, आमच्या कंटेंट टीमनं इंटरनेटवरून काहीतरी घेतलं. त्यावर कुणाचं नाव नव्हतं. मुलांना स्वतःच्या सरांची गोष्ट म्हटली की जास्त भिडते. हजारो मुलं त्यातून प्रेरणा घेतात. तुमचे बंधू एका अर्थानं अमर झाले."

"नाव न्हाई कसं? आनंदराज लिहिलंय. माझं नाव लिहिलंय. तारीख लिहिलीय."

"तेच म्हणतोय मी." त्यानं खुर्ची पुढं ओढली. "तुमचं ते पान जुनं झालंय. फारसं कुणी वाचत नाही. पण एखादा मुलगा शोधायला गेला तर त्याचा गोंधळ होतो. ते तुम्ही काढून टाका. तीस सप्टेंबरला भूकंपाला तीस वर्षं होतात, आपला मोठा पालक मेळावा आहे. त्याआधी काढा. आणि आम्रपाली आपलीच मुलगी आहे. एक तारखेला स्टार बॅचची यादी लागते. चाचणीत ती थोडक्यात राहिली, मी बघितलं. तिचं नाव त्या यादीत असेल, हा माझा शब्द."

त्याच्या तोंडावर चहा फेकायला हवा होता. मी काय केलं? मी म्हणाले, "बघते." आणि जिना उतरले. खाली चौकात होर्डिंग होतं. दगडांच्या ढिगात भांग पाडलेला एक गोरागोमटा पोरगा. दादाच्या डोक्यात वर्षभर करंजीचं तेल असायचं आणि भांग कधी टिकला नाही. मी होर्डिंगला शिव्या दिल्या. रिक्षावाले बघत होते, बघू देत. खरं तर त्या शिव्या मलाच होत्या.

कारण स्टार बॅच म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. तिथं चाळीस पोरं, उरलेल्या एकेका बॅचमध्ये तीनशे. आमू सहा गुणांनी राहिली होती आणि त्या सहा गुणांसाठी आठवडाभर जेवली नव्हती. तिला डॉक्टर व्हायचंय. आमच्या खानदानात अजून कुणी झालं नाही. मेलेल्या पोराचं एक पान, की जित्या पोरीचं आयुष्य? असा हिशेब मांडणाऱ्याला मी शिव्या घालते आणि मीच मांडत बसले होते. दोनदा त्या पोस्टवर जाऊन डिलीटचं बटण बघून आले. एकदा बोट टेकवलं. "खरंच काढायचं का?" असं ते विचारतं. तेवढं विचारायची अक्कल शिवमूर्तीपेक्षा त्या बटणाला जास्त.

आमूला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "सर खोटं बोलले हे मला पटतंय मम्मी. पण काढून टाक ना. तुझ्याकडं कॉपी राहीलच की. आपण घरात वाचू."

"तू वाचलंस का एकदा तरी?"

"वेळ कुठंय?"

फोन मी ठेवला नाही, आपटला.

अनंत चतुर्दशीच्या सुट्टीला ती घरी आली. दोन दिवस आम्ही एकमेकींशी मीठ-तिखटापुरतं बोललो. तीस तारखेला सकाळी तिला सोडायला मी बसमध्ये चढले, मेळाव्याला पालकांनी यायचंच होतं. लोहा गेल्यावर मी माझा फोन तिच्या मांडीवर ठेवला.

"पान अजून हाय. तुझं भविष्य हाय, तर तूच सांग. तू म्हणलीस तर लातूर यायच्या आत काढते, पुन्हा नाव घेणार न्हाई. पण आधी वाच. आन् खालचं पण वाच."

"खालचं काय?"

"वाच म्हणलं ना."

अहमदपूरला बस थांबली. पोरं भजी घेऊन चढली-उतरली. आमूनं मान वर केली नाही. चाकूर गेलं. ती एकदा वर जायची, एकदा खाली यायची, मग दुसरी पोस्ट उघडायची. मी तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवून खिडकीतून सोयाबीन बघत होते. लातूरचं स्टँड आलं तेव्हा तिनं फोन माझ्या हातात दिला. डोळे लाल होते. काढ म्हणाली नाही, ठेव म्हणाली नाही. एवढंच विचारलं, "आज्ज्याला शेवटपर्यंत कळलंच न्हाई?"

"न्हाई."

ती बॅग उचलून पुढं चालायला लागली.

हॉलमध्ये दोन हजार पोरं, मागच्या खुर्च्यांवर आम्ही पालक. पोरांच्या अंगात अकॅडमीचे टी-शर्ट, पाठीवर '१९ × ७ = ?'. माझ्या शेजारचे गृहस्थ उमरीहून आले होते. कौतुकानं म्हणाले, "काय आयडिया हाय बघा सरांची!" मी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी खुर्ची सरकवून घेतली.

शिवमूर्ती स्टेजवर आला. पांढरा शर्ट, कानाला माईक. मी दिसले तशी त्यानं किंचित मान झुकवली. पान अजून आहे हे त्याला माहीत नसावं, किंवा माझ्यासारखी बाई शेवटी काय करणार याची त्याला खात्री असावी. बासरी सुरू झाली. त्यानं गोष्ट सांगितली. अंधार, दगड, भावाचा आवाज. माझ्या आजूबाजूला बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. मग त्यानं हात वर केला.

"एकोणीस सत्ते?"

दोन हजार पोरं गरजली, "एकशे तेहेतीस!"

"माझा भाऊ काय म्हणाला होता?"

"एकशे तेवीस!"

"चुकला," शिवमूर्ती हळू आवाजात म्हणाला. "माझा भाऊ चुकला, मुलांनो. आणि तिथंच थांबला. एक चूक..."

"तो चुकला नव्हता, सर."

मुलींच्या बाजूला सातव्या-आठव्या रांगेत एक पोरगी उभी होती. माझी.

शिवमूर्ती हसला. "बाळा, प्रश्न नंतर घेऊ."

"प्रश्न न्हाई, सर." आमूचा आवाज चिरकत होता. "तुमचा भाऊ होता ना? मग तो एकशे तेवीस का म्हणायचा, ते सांगा."

"लहान होता तो. घाबरला होता. खाली बस, बाळा."

"त्या शाळेतले सगळेच म्हणायचे. भीमाशंकरकाका म्हणतात. शिवम्मामावशी म्हणतात. खिडकीकडच्या भिंतीवर..."

कुणीतरी बासरी बंद केली. एक स्वयंसेवक रांगेकडं धावला. दोन हजार डोकी वळली. आणि माझी सोळा वर्षांची पोरगी त्या डोक्यांपुढं अडली. तोंड उघडं आणि शब्द नाही. तिनं मागं वळून पालकांच्या गर्दीत बघितलं. मला शोधत होती.

मी खुर्चीवर चढले. उमरीचे गृहस्थ "अहो, अहो" करत राहिले. आयुष्यभर मी लोकांचे अर्ज टाईप केले, चारचौघांत कधी मोठ्यानं बोलले नाही. त्या दिवशी माझ्या गळ्यातून आवाज निघाला तो माझा नव्हता, आडतीवर पोती उचलणाऱ्या माणसाचा होता.

"बरोबर हाय लेकी! बरोबर हाय! म्हण पुढं!"

आमूनं स्वयंसेवकाचा हात झटकला.

"भिंतीवर तसंच रंगवलेलं होतं, सर. तुम्ही ती भिंत बघितली न्हाई. तो तुमचा भाऊ न्हाई. तो माझा मामा आहे. आनंदराज त्याचं नाव."